काशीनरेशांची विहीर आणि एक इंग्रजी खेडे

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायर परगण्यात, थेम्स नदीच्या पूर्वेस, चिल्टर्न नावाची ठेंगण्या टेकड्यांची रांग आहे. तिच्या माथ्यावर बीच वृक्षांच्या रानात स्टोक रो नावाचे एक लहानसे खेडे वसलेले आहे. या खेड्यातील रस्त्याच्या कडेस एक घुमटी उभी आहे. भोवती लोखंडी खांब, वर घुमट आणि आत रहाटाच्या यंत्रावर सोनेरी रंगाचा हत्ती. या हत्तीच्या पायाखाली चार फूट व्यासाची व 368 फूट खोलीची विहीर आहे. दिल्लीचा कुतुबमिनार 238 फूट उंच. रुंदीचा विचार क्षणभर बाजूस ठेवला, तर तो या विहिरीत उतरवून त्याच्या डोक्यावर आणखी अर्धा मिनार उभा करता येईल. ही विहीर काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी स्वखर्चाने खोदविली. 10 मार्च 1863 रोजी काम सुरू झाले आणि 24 मे 1864 रोजी, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, ती लोकांस खुली झाली.

इंग्लंडातील खेडी पाहावयास जाणारा प्रवासी साधारणतः तीन गोष्टी पाहतो : जुने चर्च, जुना मद्यालय आणि एखादे जुने घर किंवा स्मारक. स्टोक रोच्या परिसरात या तिन्ही गोष्टी विपुल आहेत, आणि विहिरीकडे तो एक गमतीचे पौर्वात्य खेळणे म्हणून पाहून पुढे जातो. आम्हांस मात्र ही विहीर खेळणे वाटत नाही. तिच्यामागे आपल्या धर्मशास्त्राची एक पूर्ण कल्पना उभी आहे, आणि ती समजण्यासाठी आधी ते खेडे समजून घेतले पाहिजे.

इंग्लंडात पॅरिश म्हणजे गोमंतकात ज्याला फिर्गज म्हणतात ती. एक चर्च, त्याचा एक विगार आणि त्या चर्चच्या हद्दीतील सर्व घरे व जमिनी. परंतु पॅरिश हे केवळ धर्मकारण नव्हे. गरिबांचे पोषण, रस्त्यांची दुरुस्ती, पट्टी बसविणे ही सारी कामे शतकानुशतके पॅरिशच्या सभेतच होत. 1894 च्या कायद्याने दिवाणी पॅरिश आणि धार्मिक पॅरिश पूर्णपणे अलग झाल्या. तोपर्यंत चर्चची सभा हीच बव्हंशी गावची सभा होती. आपल्याकडील गावकरी व महाजनी यांचा अनुभव ज्यांस आहे, त्यांस ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

चिल्टर्नच्या या भागात जुन्या पॅरिशांचे आकार मोठे चमत्कारिक होते. नदीकाठापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत लांबच लांब, अरुंद पट्टे. हेतू उघड आहे : प्रत्येक पॅरिशला खाली नदीकाठचे कुरण, मध्ये नांगरटीची जमीन आणि वर सरपणाचे रान मिळावे. वाटणीचे हे शहाणपण ज्याने केले त्याने सगळा विचार केला, पण वर रानात राहणाऱ्यांचा केला नाही. स्टोक रो हे अशा इप्सडेन, न्यूनम मरन आणि माँजवेल या पॅरिशांच्या वरच्या टोकांवर विखुरलेले गाव. त्यांचे चर्च खाली, कित्येक मैलांवर. बाप्तिस्म्यास मूल न्यावयाचे तर उतार उतरावा आणि प्रेत न्यावयाचे तरी तोच उतार उतरावा.

अशा गावात मद्यालय मात्र चर्चच्या पुष्कळ आधी आले. येथील ‘क्रुकेड बिलेट’, म्हणजे ‘वाकडा दांडका’, हे मद्यालय सतराव्या शतकातील मानले जाते. ठेंगणी छते, जाड तुळया आणि पिंपातून थेट भरून आणलेली बिअर ही त्याची ख्याती. दुसरे ‘चेरी ट्री’, या टेकड्यांवरील चेरीच्या झाडांची आठवण सांगणारे. गावातले पुरुष रानात बीचचे लाकूड कातून खुर्च्यांचे पाय बनवीत. हाय विकम येथील खुर्च्यांच्या कारखान्यांस ते जात. तंबूंच्या खुंट्या हाही येथील जुना धंदा. दिवसभर भुसा खाल्लेल्या घशास संध्याकाळी काय हवे असेल हे सांगावयास नको.

आमच्या देवस्थानी वाचकांपैकी कित्येकांच्या कपाळास आठी पडली असेल, म्हणून येथे थोडे विषयांतर करतो. इंग्रजांचे ‘पब्लिक हाउस’ म्हणजे केवळ तावेर्न नव्हे. 1552 च्या कायद्याने मद्यालय चालविण्यास दोन न्यायाधीशांचा परवाना आवश्यक ठरला आणि चालकाकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेतला जाऊ लागला. 1830 साली पार्लमेंटने दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्यास बिअर विकण्याची मुभा दिली, आणि खेडोपाडी नवी मद्यालये उगवली. 2003 च्या कायद्यापर्यंत परवाना देण्याचे काम न्यायाधीशांकडेच होते. पुढे ते स्थानिक परिषदांकडे गेले. आता तर 2011 च्या कायद्यान्वये गावकरी आपले मद्यालय ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून नोंदवून घेऊ शकतात, आणि मालक ते विकू लागल्यास बोली लावण्यासाठी मुदत मागू शकतात.

त्याहून मौजेची गोष्ट अशी की, मध्ययुगात पुष्कळ ठिकाणी चर्च स्वतःच बिअर गाळीत असे. सणाच्या दिवशी चर्चच्या विश्वस्तांनी बिअर तयार करावयाची, साऱ्या पॅरिशने ती विकत घेऊन प्यावयाची, आणि आलेल्या पैशांत छप्पर शाकारावयाचे किंवा घंटा दुरुस्त करावयाची. पुढे प्युरिटन पंथीयांनी ही चाल पापमय ठरवून बंद पाडली. मग छपरासाठी सक्तीची पट्टी हेच मुख्य साधन राहिले. चर्चला न मानणाऱ्या इतर पंथीयांसही ती भरावी लागे, आणि 1868 साली पार्लमेंटने ती सक्ती उठविली. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी मागत फिरलेल्या कोणाही महाजनास विचारा, या इतिहासातील अडचण त्याला चटकन समजेल.

स्टोक रोचे स्वतःचे चर्च, संत जॉनचे, 1846 साली बांधले गेले. ते फार जुने नाही. खरे जुने चर्च पाहावयाचे असेल तर शेजारच्या चेकेंडन गावी जावे. तेथील संत पीटर व संत पॉल यांचे चर्च बाराव्या शतकातील असून त्याच्या अर्धवर्तुळाकार गर्भागारात ख्रिस्त व त्याचे शिष्य यांची जुनी भित्तिचित्रे आहेत. चित्रकार व शिल्पकार एरिक केनिंग्टन हे या चर्चचे एक वॉर्डन होते. 1960 साली ते वारले तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लॉरेन्स व्हिसलर यांनी येथे काचेवर कोरलेली खिडकी केली. रंगीत काच नव्हे, तर पारदर्शक काचेवरील बारीक कोरीव रेषा. बाहेरचे आकाश त्यांतून दिसत राहते.

वॉर्डन हा शब्द आला म्हणून वकिली सवयीने एक भेद सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या कायद्यात देवता ही विधिमान्य व्यक्ती आहे. 1925 साली प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या मलिक घराण्याच्या खटल्यात तिचे व्यक्तित्व इतके खरे मानले की, मूर्ती कोठे ठेवावयाची याविषयी मूर्तीचेही म्हणणे ऐकले पाहिजे असा निर्णय दिला. इंग्रजी पॅरिशमधील संत मात्र कायद्याच्या दृष्टीने निष्कांचन. चर्चची वास्तू व जमीन ही पदावर असलेल्या धर्मगुरूच्या नावे, आणि चांदीची पात्रे, बाके, घंटा इत्यादी जंगम वस्तू वॉर्डनांच्या नावे. संताकडे फक्त नाव.

या टेकड्यांतील आणखी एक वास्तू आमच्या वाचकांस निराळ्या कारणासाठी ठाऊक असावी. स्टोक रोपासून काही मैलांवर स्टोनोर नावाचा जुना वाडा आहे. 1559 साली राणी एलिझाबेथच्या कायद्याने इंग्लंडात लॅटिन मास बंद झाला आणि कॅथलिक राहणे हा दंडनीय अपराध ठरू लागला. स्टोनोर घराण्याने दंड भरले, जमिनी गमावल्या, पण आपला धर्म व वाड्याशेजारचे उपासनामंदिर सोडले नाही. 1581 साली एडमंड कॅम्पियन या जेझुइटाचे लॅटिन पुस्तक याच वाड्यात गुप्तपणे छापले गेले. त्याच वर्षी कॅम्पियनला फाशी झाली.

आता याच काळात मांडवी-जुवारीच्या काठी काय चालले होते ते आठवा. 1560 च्या दशकात आमची दैवते रात्रीच्या अंधारात नदी ओलांडून अंत्रुजात आली. 1567 साली साष्टीतील देवळे पाडली गेली. जो धर्म इंग्लंडात लपत होता, तोच येथे दुसऱ्यांस लपावयास लावीत होता. आणि या दोन कथांस जोडणारा एक माणूसही आहे. विल्टशायरमधील बुश्टन या खेड्यात जन्मलेला थॉमस स्टीफन्स कॅथलिक धर्मासाठी मायदेश सोडून 1575 साली रोममध्ये जेझुइट झाला आणि 1579 साली गोव्यास आला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूर येथे छापले गेले, तेही मराठीत व ओवीबद्ध. कोकणीचे पहिले छापील व्याकरणही त्याचेच. देशांतर केलेल्या माणसास दुसऱ्याच्या देशांतराचे दुःख कितपत उमगले होते, हे त्याच्या ओव्यांतून आम्हांस तरी वाचता आलेले नाही.

असो. आपण विहिरीकडे वळू.

चिल्टर्नची जमीन म्हणजे वर गारगोटीमिश्रित चिकणमाती आणि खाली शेकडो फूट खडू. पावसाचे पाणी खडूतून झिरपून खोल निघून जाते. टेकडीवर ना ओढा ना झरा. लोक चिकणमातीच्या खड्ड्यांत साठलेले गढूळ पाणी वापरीत, आणि उन्हाळा लांबला की तेही आटे. मग मैल दोन मैल चालून पाणी आणावयाचे. इंग्लंड म्हणजे नित्य पाऊस, अशी आपली समजूत असते. पण पाऊस पडणे निराळे आणि पाणी मिळणे निराळे, हे कोकण-गोमंतकातील माणसास वैशाखात कोणी शिकवावे लागत नाही.

इप्सडेनच्या रीड घराण्यातील एडवर्ड अँडरटन रीड (1807–1886) हे कंपनी सरकारचे मुलकी अधिकारी होते. ‘द क्लॉइस्टर अँड द हार्थ’ ही कादंबरी लिहिणारे चार्ल्स रीड हे त्यांचे धाकटे बंधू. एडवर्ड रीड यांनी वायव्य प्रांतात तीन दशके काढली. 1831 साली आझमगढकडे लोकांसाठी विहीर खोदविण्यात त्यांनी पुढाकार घेतला होता. पुढे काशीच्या महाराजांशी त्यांचा स्नेह जडला. एकदा बोलता बोलता त्यांनी आपल्या गावाकडच्या टेकड्यांवरील पाण्याचे हाल सांगितले : घरातले उरलेसुरले पाणी प्याला म्हणून आईने मुलास मारल्याची हकीकत त्यांत होती, असे सांगतात. 1857 साली रीड आग्र्यास होते. ग्वाल्हेरच्या पलटणी उठलेल्या, प्रांताचा प्रमुख कॉल्व्हिन 9 सप्टेंबरला किल्ल्यातच वारला, आणि काही काळ तेथील कारभार रीड यांच्याकडे आला. 1860 साली ते निवृत्त होऊन इप्सडेनला परतले. महाराजांनी त्या मुलाची गोष्ट लक्षात ठेवली होती. इंग्लंडात काही धर्मकृत्य करावे असे त्यांच्या मनात आले तेव्हा त्यांनी रीड यांस कळविले की, विहीर खोदावी.

वॉलिंगफर्ड येथील वाइल्डर यांच्या कारखान्याने हे काम केले. खोदाई हाताने झाली. चार फूट व्यासाच्या त्या नळीत एका वेळी एकच मनुष्य कुदळ चालवू शके. वर आकाशाचा ठिपका, भोवती खडू, आणि काढलेली माती बादलीने वर जाणार. वर्षभराहून अधिक काळ अज्ञात इंग्रज मजूर अशा रीतीने खाली खाली जात राहिले. त्यांची नावे विहिरीवर नाहीत, महाराजांचे आहे. आपल्याकडील शिलालेखांतही वडाराचे नाव कधी वाचल्याचे आम्हांस आठवत नाही.

परंतु महाराजांनी केवळ विहीर दिली असती तर हा लेख आम्ही लिहिला नसता. विहिरीलगत सुमारे चार एकर जमीन घेऊन तिच्यावर चेरीची झाडे लावण्यात आली. रीड यांनी स्वतः लक्ष घालून ती बाग उभी केली. तिचे नाव ‘ईश्री बाग’. चेरी विकून येणाऱ्या उत्पन्नातून विहिरीची देखभाल व्हावी ही योजना. विहिरीच्या राखणदारासाठी शेजारी लहानसे घर बांधले. बागेत माशाच्या आकाराचे एक तळे केले, कारण मत्स्य हे काशीच्या राजघराण्याच्या चिन्हांत आहे. पाणी सर्वांस विनामूल्य. 1871 साली राजकन्या लुइझच्या विवाहानिमित्त महाराजांनी गावात पायवाट करविली. 1882 साली राणी मारेकऱ्याच्या गोळीतून वाचली तेव्हा गावकऱ्यांस भोजन दिले आणि पाव, चहा व साखर वाटविली.

इंग्रज लेखक या साऱ्याचे वर्णन एका लहरी राजाचे औदार्य म्हणून करतात. आमच्या धर्मशास्त्रज्ञ वाचकांच्या ध्यानात निराळीच गोष्ट आली असेल. स्मृतिकारांनी ‘इष्ट’ आणि ‘पूर्त’ असे दोन प्रकार सांगितले. यज्ञयाग हे इष्ट. पूर्त म्हणजे लोकांसाठी करावयाचे कर्म, आणि त्याची यादी ठरलेली आहे : वापी, कूप, तडाग, देवतायतन, अन्नप्रदान आणि आराम, म्हणजे बाग. आता स्टोक रो पाहा. कूप आहे, लहानसा का होईना तडाग आहे, आराम आहे, अन्नप्रदान झाले. देवतायतन तेवढे महाराजांनी बांधले नाही. ते गावाने 1846 सालीच बांधून ठेवले होते. चिल्टर्नच्या रानात, बीचच्या झाडांखाली, यादीतील एकही कलम न गाळता पूर्तधर्म यथासांग पार पडलेला आहे. काशीच्या गादीवरील, रामनगरच्या रामलीलेस आश्रय देणाऱ्या राजाच्या दरबारात हे अजाणता झाले असेल यावर आमचा विश्वास नाही.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात, दुसऱ्या खंडात, ‘उत्सर्ग’ या विधीचा विचार केला आहे. दान आणि उत्सर्ग यांत भेद आहे. दानाला घेणारा लागतो. उत्सर्गात कर्ता आपले स्वत्व सोडतो, पण ते कोणा एकाकडे जात नाही. जल सर्व भूतांसाठी मोकळे होते, आणि स्वतः कर्ताही त्यातून प्याला तर इतरांसारखा एक म्हणून पितो. इंग्रजी कायद्यास अशी मोकळी हवेतली मालकी चालत नाही. त्यास विश्वस्त लागतात. म्हणून विहीर विश्वस्तांच्या हाती देण्यात आली, आणि आजही एक न्यासच तिची निगा राखतो. काशीत संकल्प सोडावा आणि ऑक्सफर्डशायरात विश्वस्तांनी हिशेब ठेवावा, असा हा दोन कायद्यांचा विवाह आहे. तो टिकला.

येथवर कौतुक झाले. पण उलटतपासणी केल्यावाचून साक्ष सोडू नये.

पहिला प्रश्न राजकारणाचा. 1794 च्या करारानंतर काशीच्या राजांकडे स्वतंत्र राज्य उरले नव्हते. आपल्या खासगी मुलखापुरते ते मोठे जमीनदार होते. संस्थानाचा दर्जा त्यांच्या घराण्यास 1911 साली मिळाला. 1857 मध्ये ईश्वरीप्रसाद इंग्रजांच्या बाजूने राहिले. अशा राजाने राणीच्या वाढदिवशी राणीच्या देशात विहीर खुली करावी, यात निव्वळ धर्मच होता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. दुसरी गोष्ट अधिक टोचणारी. 1860–61 साली दिल्ली-आग्र्याकडच्या दुआबात भीषण दुष्काळ पडला आणि लक्षावधी माणसे मेली. त्यानंतर दोनच वर्षांनी हिंदुस्थानचा पैसा चिल्टर्नच्या खडूत उतरला. महाराजांचा मुलूख दुष्काळाच्या पट्ट्याबाहेर होता आणि त्यांनी स्वदेशी धर्मकृत्ये केली नाहीत असे नव्हे. तथापि इंदूरच्या अहल्याबाईंचे उदाहरण समोर असताना तुलना टाळता येत नाही. त्या माउलीने काशी, गया, रामेश्वर, द्वारका असे परराज्यांत पूर्त केले; काशीविश्वेश्वराचे आजचे देऊळ 1780 सालचे, त्यांचेच. पण त्यात कोणा सत्ताधीशाच्या कृपेची अपेक्षा नव्हती. महाराजांच्या दानात ती अपेक्षा होती, आणि तरीही ज्या मुलाने मार खाल्ला त्याला पाणी मिळाले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आमचा निवाडा महाराजांच्या बाजूने पडतो, पण खर्चासह नव्हे.

दुसरा प्रश्न आपणा सर्वांचा. स्टोक रोच्या विहिरीवर कोणीही यावे : चर्चला जाणारा, न जाणारा, मद्यालयातून झोकांड्या देत निघालेला. काशीच्या कर्मठ दृष्टीने हे सारे म्लेच्छच. त्यांस पाणी देताना धर्म आड आला नाही. त्याच 1864 साली आपल्या देशातील किती विहिरींवर, किती देवळांच्या तळ्यांवर, आपल्याच गावातील अस्पृश्य मानलेल्या माणसास घागर बुडविता येत होती? सर्व भूतांसाठी सोडलेल्या पाण्यातून ती भूते आम्ही कोणत्या अधिकाराने वगळली? महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर 20 मार्च 1927 रोजी ओंजळभर पाणी प्याले, आणि त्या तळ्यावर सर्वांचा हक्क आहे की नाही याचा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात 17 मार्च 1937 रोजी निकालात निघाला. दहा वर्षे. प्रतिवादीच्या बाजूस स्मृतीतले पूर्ताचे वचन खरे तर पुरेसे होते. देवस्थानांच्या वहिवाटीचे कागद चाळताना आम्हांस चेरीची ती बाग कित्येकदा आठवते, आणि स्वस्थ बसवत नाही.

स्टोक रोपासून उत्तरेस काही मैलांवर यूएल्म हे गाव आहे. विहिरीच्या टिकाऊपणाचे मर्म पाहावयाचे तर तेथे जावे. कवी चॉसर यांची नात ॲलिस आणि तिचा पती, सफकचा उमराव विल्यम डी ला पोल, यांनी 1437 साली राजाची परवानगी घेऊन येथे तेरा वृद्ध गरिबांसाठी एक धर्मशाळा स्थापन केली. तिला जोडून शाळा काढली. चर्च, धर्मशाळा, शाळा अशा तिन्ही वास्तू उतारावर एकमेकींस लागून उभ्या आहेत. खर्चासाठी हॅम्पशायर, विल्टशायर व बकिंगहॅमशायर या तीन परगण्यांतील एकेक जहागीर तोडून दिली. धर्मशाळेतील वृद्धांनी दररोज संस्थापकांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करावयाची, अशी अट होती. विल्यमचा 1450 साली समुद्रात नावेवर शिरच्छेद झाला. ॲलिस 1475 साली वारली. तिची समाधी या चर्चमध्ये आहे : वर संगजिऱ्यात कोरलेली वैभवशाली मूर्ती, आणि खाली जाळीआड, वाकून पाहिल्यावाचून दिसणार नाही अशी, तिच्याच शवाची कृश नग्न प्रतिमा.

1547 साली मृतांसाठी प्रार्थना करणारे न्यास इंग्लंडात कायद्याने जप्त झाले. यूएल्म वाचले. प्रार्थनेचा भाग गेला, भाकरीचा व अक्षरांचा भाग राहिला. पुढे राजा जेम्स पहिला याने धर्मशाळेचे प्रमुखपद ऑक्सफर्डच्या वैद्यकाच्या राजप्राध्यापकास जोडून दिले. हेतू काही असो, कारभारावर एक सुशिक्षित डोळा राहिला. धर्मशाळेत आजही वृद्ध राहतात, शाळेत आजही गावची मुले शिकतात, आणि बकिंगहॅमशायरमधील मार्श गिबनची जमीन अद्याप न्यासाकडे आहे. पावणेसहाशे वर्षे जी संस्था चालली ती तीन गावांच्या उत्पन्नावर. ॲलिसने गाव दिले, महाराजांनी बाग दिली, तत्त्व एकच. आपल्या पूर्वजांनी नंदादीपासाठी नारळीची बाग आणि नैवेद्यासाठी भाताचे शेत लावून दिले ते याच हिशेबाने. फरक एवढाच की यूएल्मची जमीन यूएल्मकडे राहिली. आपल्या किती देवस्थानांच्या बागा आज कोणाच्या सातबाऱ्यावर आहेत, हे वाचकांनी आपापल्या गावापुरते पाहून घ्यावे. गोमंतकात 1933 च्या महाजनी कायद्याने मालमत्तेची नोंद व हिशेब बंधनकारक केले, आणि पोर्तुगीजांनी केलेला असूनही तो कायदा आम्ही उपकारक मानतो.

स्टोक रोची विहीर सुमारे सत्तर वर्षे वापरात होती. मग नळ आले, आणि रहाट थांबला. 1961 साली राणी एलिझाबेथ काशीस आली तेव्हा तत्कालीन महाराजांनी तिला या विहिरीची हस्तिदंती प्रतिकृती भेट दिली. 1964 साली शताब्दीचा समारंभ झाला. राणीचे पती प्रिन्स फिलिप उपस्थित होते, आणि काशीहून आणलेले गंगाजल विहिरीच्या पाण्यात मिसळण्यात आले. घुमटाचे रंगकाम, यंत्राची दुरुस्ती वेळोवेळी होत असते. बागेत चेरीची झाडे आहेत.

महाराजांचे पाहून इतरांसही स्फुरण आले. इप्सडेनला राजा देवनारायण सिंह यांनी विहीर दिली. मुंबईचे पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी लंडनच्या रीजंट पार्कात 1869 साली पिण्याच्या पाण्याचे कारंजे बांधून दिले. ते जागेवर आहे. विजयानगरमच्या महाराजांनी 1867 साली हाइड पार्कात, मार्बल आर्चजवळ, असेच एक कारंजे उभारले होते. ते 1964 साली काढून टाकण्यात आले. स्टोक रोला गंगाजल ओतले गेले ते याच वर्षी.